अंगणातल्या गोचिडी-पिसवांची फवारणी: ५ पैकी २ स्टार

अमळनेरला आमचं जुनं धाब्याचं घर, पुढे अंगण, निंबाचं झाड, भिंतीला लागून पऱ्हाट्यांची रास आणि आमचा कुत्रा टायगर. यंदा पावसाळ्यात गोचिडी इतक्या झाल्या की एका संध्याकाळी आईने त्याच्या कानामागून चिमट्याने एकवीस काढल्या, टम्म फुगलेल्या, अगदी एरंडीच्या बियांसारख्या. पिसवा वेगळ्याच. पांढरे मोजे घालून अंगणात दोन चकरा मारल्या की घोट्यापर्यंत काळे ठिपके. शेवटी एका पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं (नाव टाकत नाही), १८०० रुपये ठरले.

पोऱ्या वेळेवर आला, तेवढं मान्य. पण पाठीवर पंप घेऊन सरळ अंगणाच्या मधोमध फवारत सुटला, जिथे दिवसभर रखरखीत ऊन. अरे भो, तिथे कोण बसतंय? म्हटलं भिंतीच्या भेगा मार, तर म्हणे काका, नुसत्या वासानेच मरतात. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन फुगली की अंगावरून खाली पडते, भिंत चढून फटीत जाऊन बसते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते, आमच्याकडे तर पार धाब्याच्या लाकडापर्यंत चढलेल्या. बरं घरात कुत्रा-मांजर आहे का हेसुद्धा विचारलं नाही. शेजारची मांजर मीच हाकलली, कारण फवारायच्या या पायरेथ्रॉइड जातीच्या कीटकनाशकांनी मांजरीला झटके येतात, जीव पण जातो.

आठ दिवस शांत, दहाव्या दिवशी मोजे परत काळे. फोन केला तर "बाहेरून आल्या असतील". नाही हो! पिसूचा कोश असतो ना, त्यात औषध नीट पोचतच नाही, आतली पिसू कितीतरी दिवस गपचूप पडून राहते आणि कोणी जवळून चाललं, जमीन हलली की बाहेर उडी. म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फेरी लागतेच, ती पहिल्या पैशातच धरायला पाहिजे. यांनी हजार वेगळे मागितले, घासाघीस करून सहाशेवर आले.

यावेळी मी तयारीत होतो. पऱ्हाट्या हलवल्या, पालापाचोळा झाडून उकिरड्यावर टाकला, टायगरचं गोणपाट फेकून दिलं, गुरांच्या डॉक्टरांनी त्याचं वजन बघून दिलेलं मानेवर टाकायचं औषध त्याच दिवशी टाकलं आणि पोऱ्याच्या मागे मागे फिरून ओट्याखाली, रांजणामागे, चौकटीच्या फटीत, सगळीकडे नोझल धरायला लावलं. सगळं वाळेपर्यंत टायगर मळ्यात.

महिना झाला, मोजे पांढरे आहेत. गोचीड आठवड्यातून एखादी सापडते. आई म्हणते यात त्यांचं काय, उन्हात तूच फिरलास. म्हणून एक स्टार वेळेवर आल्याचा आणि एक औषध अस्सल असल्याचा. बोलावणार असाल तर दुसरी फेरी आधीच कागदावर लिहून घ्या. आणि हो, त्या पोऱ्याला कंपनीने साधा मास्कसुद्धा दिला नव्हता, तोंडाला बांधायला मीच माझा रुमाल दिला, तो अजून परत आलेला नाही.