लॅपटॉपचा माइक सुधारायचा की वायरचा हेडसेट घ्यायचा?

लॅपटॉपवरून आपला आवाज नीट जात नाही, अशी तक्रार समोरून यायला लागली की दोनच वाटा उरतात. आहे तोच माइक सेटिंगमध्ये जाऊन सुधारायचा, नाहीतर हेडसेट घ्यायचा. मी घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. दोन्ही वाटा चालून झाल्यात, मध्ये ब्लूटूथ इअरबड्सही वापरले.

खिशात हात घालण्याआधी आहे तो माइक नीट तपासावा, हे माझं प्रामाणिक मत. माइकची छिद्रं बहुतेक लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याच्या आजूबाजूला असतात, काहींत कीबोर्डजवळ. कॅमेऱ्यावर चिकटवलेली सरकपट्टी त्यांच्यावर आलीय का ते बघा. पिन मात्र घालू नका, आतला माइक फार नाजूक असतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं करत माइकपर्यंत जा. तिथलं ऑडिओ एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाज आपोआप सुधारू पाहणारी सोय, एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून साउंड रेकॉर्डरवर तेच वाक्य बोला. कुठल्या लॅपटॉपला काय मानवेल ते आधी सांगता येत नाही, कानांनीच ठरवावं लागतं. माझ्याकडे बंद ठेवल्यावर आवाजातला डबा वाजल्यासारखा भाग बराच कमी झाला.

पण छताचा पंखा राहिलाच. लॅपटॉप तोंडापासून साधारण 50 सेंटिमीटरवर असतो, हेडसेटचा माइक 5 सेंटिमीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे या दोघांत 20 डेसिबलच्या आसपास फरक पडतो, आणि पंखा मात्र दोन्ही माइकना जवळपास सारखाच ऐकू येतो. बूस्ट, म्हणजे सेटिंगमधून माइकचा आवाज मोठा करणं, वाढवून हे भरून निघत नाही, तुमच्याबरोबर पंखाही तेवढाच मोठा होतो.

तरी पंख्याचं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय झाला तो ‘उणे’मुळे. लॅपटॉपच्या स्पीकरमधून मुलांचा आवाज येत असतो, तो पुन्हा माइकमध्ये शिरून घुमू नये म्हणून सॉफ्टवेअर त्या वेळी माझा आवाज दाबतं. मुलगा उत्तर सांगत असताना मी मध्येच बोललो की माझा पहिला शब्द गिळला जायचा. ‘उणे पाच’ म्हटलं की पोरांना नुसतं ‘पाच’ ऐकू जायचं. वहीत 5 लिहिलं जायचं, पुढचं सगळं वर्गसमीकरण चुकायचं, आणि कुणाचं कुठे चुकलं हे शोधण्यात तास संपायचा. मीटिंगमध्ये एखादा शब्द गेला तर माणूस संदर्भाने समजून घेतो. गणितात चिन्ह गेलं की सगळंच गेलं.

कानात काहीही घातलं तरी हा त्रास जवळजवळ जातो, कारण समोरचा आवाज माइकपर्यंत पोचतच नाही. मग इअरबड्स का नकोत? फोनवर बोलायला ते उत्तमच आहेत. पण लॅपटॉपला जोडून त्यांचा माइक सुरू केला की ब्लूटूथ बहुधा कॉलच्या पद्धतीवर उतरतं. तिथे आवाजाचे सेकंदाला बहुतेक वेळा 8 हजार किंवा 16 हजार नमुने घेतले जातात, आणि नमुने कमी तितका आवाज बोथट. एरवी गाणी ऐकताना हाच आकडा 44 हजारांच्या वर असतो. शिवाय माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून पुन्हा लांबच. मुलांना माझा आवाज जुन्या टेलिफोनसारखा यायचा.

साधे 3.5 मिलिमीटरच्या पिनचे इअरफोन स्वस्तात काम भागवतात. पिनवर तीन काळ्या रेघा बघून घ्या. दोनच असतील तर त्यात माइक नाही. मात्र त्यांची वायर कॉलरला घासली की खरखर होते, आणि काही लॅपटॉपवर चार्जर लावला की बारीक गुणगुण सुरू होते. यूएसबी हेडसेटचं साउंड कार्ड, म्हणजे आवाज हाताळणारं सर्किट, त्याच्यातच असतं, त्यामुळे लॅपटॉपच्या आतल्या सर्किटशी त्याचा संबंध कमी येतो. माझ्याकडे ती गुणगुण थांबली.

मे महिन्यात दोन तास हेडसेट कानांवर ठेवणं सोपं नाही, हे मान्य. दिवसाकाठी एखादी मीटिंग असेल आणि तुम्ही बहुतेक ऐकणारेच असाल, तर सेटिंग बदलून बघा, कदाचित तेवढंच पुरेल. पण ज्याला बोलायचंय, आणि ज्याचा प्रत्येक शब्द पलीकडे पोचायला हवा, त्याने माझ्या मते यूएसबीचाच घ्यावा. घेताना माइकची दांडी वळते का तेवढं पाहा. माइक ओठांच्या समोर न येता कोपऱ्याशी राहिला, तर ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना श्वासाचे फटके बसत नाहीत.