घडीचा की सडपातळ? पुढच्या आयफोनचे अंदाज, मालवणातून

ॲपल घडीचा फोन आणणार, की सडपातळ ‘एअर’च पुढे रेटणार? नावावरही पैजा लागल्यात: ‘फोल्ड’ की ‘अल्ट्रा’? माझं मत ‘अल्ट्रा’ला. त्यांच्या घड्याळाला ते नाव २०२२पासून आहे, आणि ‘फोल्ड’ सॅमसंगने आधीच वापरलंय.

खरा फरक किनाऱ्यावर पडतो. २०२५चा आयफोन एअर ५.६ मिलिमीटर जाड आणि आयपी ६८ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, पहिला आकडा धुळीचा), म्हणजे धूळबंद. सॅमसंगचा झेड फोल्ड ७ मात्र आयपी ४८. त्यातला ४ सांगतो की १ मिलिमीटरहून मोठेच कण अडतील. आमच्या चिवला किनाऱ्याची वाळू त्याहून बारीक! बिजागरीत शिरली की झालंच. होडीवर हवामानाचा नकाशा बघायला मोठा पडदा झकास, हे कबूल. एअरला मागे एकच कॅमेरा, ही कंजुषी मात्र पटत नाही.