नऊ महिने अंगावर: निविदेतून आलेला फायर सूट

आमच्या केंद्रावर नवे फायर सूट उतरले ते ३० मार्चच्या संध्याकाळी. सरकारी खरेदीचा माल याच मुहूर्तावर येतो, त्यात नवल नाही. नागपूरला लागून असलेल्या एका नगरपरिषदेत मी लिडिंग फायरमन आहे. परिषदेचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोघांपेक्षा जास्त दोष निविदेच्या कागदाचा आहे. आणि नमुना मंजुरीच्या कागदावर माझीही सही आहे.

आधी चांगलं सांगतो. नोव्हेंबरात एका जिनिंगमध्ये गाठी पेटल्या. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते पण आत धुमसत राहते. एकेक ओढून, पट्ट्या तोडून, उकलून पाणी मारावं लागतं. शेडच्या तोंडाशी ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, धरून उभा होतो, तेवढ्यात वरून जळत्या कापसाचा लोंढा थेट डाव्या खांद्यावर. आमचा जुना सूट म्हणजे एकपदरी जाड कापड, त्यात फोड ठरलेलाच होता. या वेळी झटकला आणि काम चालू ठेवलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर कातडी लालसुद्धा नाही. बाहेरच्या कापडावर जुन्या आठ आण्याएवढा काळा डाग पडला, तो अजून आहे.

हा सूट तीन थरांचा. बाहेर ॲरामिड हा आगीला टिकणारा धागा, मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा, आत उष्णता रोखणारं अस्तर. युरोपच्या ईएन ४६९ मानकाच्या वरच्या पातळीला ज्वाळेसमोर कापडाआडचं तापमान २४ अंशांनी चढायला किमान १३ सेकंद लागले पाहिजेत, आणि त्यातले शेवटचे १२ अंश चढायला किमान ४. म्हणजे चटका जाणवल्यापासून भाजेपर्यंत चारेक सेकंद हातात. ऐकायला कमी वाटतात, पण दारातून मागे यायला तेवढेही पुष्कळ असतात. इथे सूटला पूर्ण मार्क.

आता मे. भंगाराच्या गोडाऊनची आग, दुपारचे दोन, पारा ४५ च्या आसपास. नागपूरकडच्या माणसाला हा आकडा नवा नाही, पण त्यावर तीन थर, बूट, हेल्मेट आणि पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची टाकी, चढवून पाहा. वीस मिनिटांत बाह्यांतून घाम ठिबकायला लागला. माझ्या मागे होज धरलेला पोरगा म्हणाला, "भाऊ, आगीनं नाही, आपण कुकरात शिजून मरून राहिलो." दहा मिनिटांनी तो खरंच बसला. बंबाच्या सावलीत नेऊन जॅकेट काढलं, ओआरएस पाजलं. आतला बनियन पिळला तर पाण्याची धार लागली.

त्याच्या जॅकेटची कॉलर उलटली तेव्हा आतलं लेबल मी पहिल्यांदा नीट वाचलं. एक्स २, वाय २, झेड १. एक्स म्हणजे उष्णता, वाय म्हणजे पाणी आणि झेड म्हणजे घामाची वाफ बाहेर पडायला कापड किती अडथळा करतं ते. हा अडथळा ३० पर्यंत असेल तर झेड २ मिळतो, ३० ते ४५ मध्ये असेल तर झेड १. दोन्हींवर ईएन ४६९ चा शिक्का बसतो. आमच्या निविदेत एवढंच लिहिलं होतं: "ईएन ४६९ प्रमाणित, तीन थरांचा." झेडचा उल्लेखच नाही. कंपनीने फसवलं म्हणता येत नाही, मागितलं तेच दिलं.

नमुना पाहिला तो खरेदीआधीच्या डिसेंबरात, साहेबांच्या केबिनमध्ये. पंखा बंद, अंगात स्वेटर. मी जॅकेट चढवलं, हात वर-खाली केले, तेवढ्यात चहा आला. "मस्त ऊब आहे," मी म्हणालो आणि सही केली. आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

तांत्रिक लिफाफ्यात दोन कंपन्या पास झाल्या, मग आर्थिक लिफाफे उघडले आणि कमी दराची आली. दुसरीचा सूट झेड २ होता हे नंतर कळलं. तिचा दर जास्त, म्हणून ती गेली. "एल-वन (सर्वांत कमी दराची निविदा) म्हणजे कचरा" असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, मला ते पटत नाही. समोर ठेवलेल्या कागदाप्रमाणे दुसऱ्या कंपनीला काम देणं उलट बेकायदा ठरलं असतं. झेड २ घालायची जागा प्री-बिड बैठक होती, म्हणजे निविदा भरण्याआधीची शंका विचारायची बैठक. तिथे कोणी विचारलं असतं तर शुद्धिपत्रक निघालं असतं. केंद्रावरून त्या बैठकीला कोणी गेलं नाही. बोलावलं नव्हतं हे खरं, पण आम्हीही विचारलं नाही.

मापांचंही तसंच. लहान इतके, मध्यम इतके, मोठे इतके, हे भांडारातल्या बाबूने अंदाजाने ठरवलं. मला मिळालेल्या जॅकेटची बाही पुरते, पण शिडीवर हात वर केले की जॅकेट बीएच्या पट्ट्याखालून वर सरकतं आणि पोट उघडं पडतं. चेनची दांडी इतकी बारीक की हातमोज्यात सापडत नाही. सगळ्यांनी तिला बुटाची नाडी बांधली आहे.

एक चूक निव्वळ आमची. पहिल्या महिन्यात सूट धुऊन गच्चीवर उन्हात वाळवले. ॲरामिड आगीला दाद देत नाही पण उन्हाने खराब होतं. रंग उतरतो, ताकद जाते. माहितीपत्रकात सावलीत वाळवा असं होतं, पण ते पत्रक खोक्यातच राहिलं. आता जिन्याखाली दोरी बांधली आहे. पण सूट माणशी एकच, त्यामुळे धुतल्या दिवशी कॉल आला की पुन्हा तो जुना एकपदरी. दुसरा जोड निविदेत नव्हता.

पुढच्या खरेदीसाठी मी दोन पानं लिहून दिली. झेड २. माणशी दोन जोड. सुटे हातमोजे. आणि नमुन्याची चाचणी मे महिन्यात, दुपारी, बीए लावून, ड्रिल टॉवर तीनदा चढून. सोबत बावीस जणांची मापं, शिंप्याचा टेप आणून मीच घेतली. छाती, बाही, कंबर, आतला पाय. पोटाचं माप घेताना दोघांनी श्वास ओढला, ते मी दुरुस्त करून लिहिलं.

बाबूने कागद वरून खाली वाचला आणि परत दिला. मापं इंचात आहेत, सेंटिमीटरमध्ये करून आणा म्हणाला.