सामू तपासून देतो म्हणाला, आणि मी भुलले

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीच्या वर्गात दरवर्षी हळदीचा कागद करायचा, त्यावर चुन्याची निवळी टाकायची आणि तो लाल झाला की पोरं "कुंकू! कुंकू!" म्हणून ओरडायची. सांगलीची पोरं, हळदीच्या पेठेत वाढलेली, तरी दरवर्षी ओरडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना "बाईंना एवढंही कळलं नाही?" असं तुमच्या मनात येणारच. आमच्या घरी हा प्रश्न जेवणाच्या ताटावर रोज निघतो.

विश्रामबागेत आमच्या गच्चीवर माझ्या बेचाळीस कुंड्या आहेत. जास्वंदी, मोगरा, कढीपत्ता, दोन लिंबं, एक जिवापाड जपलेला अनंत आणि बाकी किरकोळ. एक भाग काळी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. पाणी बोअरचं, बादलीच्या काठाला पांढरी कड धरणारं. गेल्या फेब्रुवारीत अनंताची कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं आधी पिवळी झाली तर बहुतेक नत्र कमी. शेंड्याची पानं शिरा सोडून पिवळी झाली तर लोह. आणि मातीत लोह नसतं असं नाही, सामू (म्हणजे पीएच, आंबट-क्षारीपणाचं माप; सातच्या खाली आंबट, वर क्षारी) चढला की ते मुळांना उचलता येत नाही. अनंताला तर पाच-सहाच्या आसपासची आंबट माती लागते. हे सगळं मला येत होतं. माणूस अर्धवट जाणकार असला की त्याला गंडवणं जास्त सोपं जातं, हे मात्र तेव्हा माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात टेबल मांडलेलं दिसलं. मागे कापडी फलक, 'कुंडीतील माती मोफत तपासा'. तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बोलायला इतका गोड की वरच्या मजल्यावरच्या वहिनी आधीच तुळशीची कुंडी घेऊन खाली उतरल्या होत्या. मी अनंत उचलवत नाही म्हणून एक जास्वंद नेली.

त्याच्या हातात तीन दांड्यांचं हिरवं मीटर होतं. त्यानं ते मातीत खुपसलं, काटा आठावरच राहिला. "बघा काकू, आठ. माती क्षार धरायला लागलीय." आता हा शब्द सांगलीत कुणाला घाबरवणार नाही? कृष्णाकाठी उसाला पाट भरून पाणी देऊन देऊन किती रानं क्षारपड झाली, वर पांढरी पापडी धरलेली, खाली काही उगवेना. माझ्या माहेरचा दीड एकराचा तुकडा असाच गेला. माझ्या डोळ्यांसमोर तेच रान आलं. त्याला माझं माहेर ठाऊक नसणार, पण या गावात दहातल्या चारांचं कुणीतरी असं रान घेऊन बसलेलं असतं, हे त्याला नक्की ठाऊक होतं.

मग त्यानं पेलाभर पाण्यात एका बाटलीतलं 'ॲक्टिव्हेटर' घातलं, कुंडीत ओतलं, दोन मिनिटं थांबला आणि मीटर परत खुपसलं. काटा सरसर सरकत साडेसहावर. वहिनींनी अक्षरशः टाळी वाजवली.

बाटली तात्पुरती, कायमचा इलाज म्हणजे पांढरी पावडर, असं त्याचं म्हणणं. "माती आंबट असो नाहीतर क्षारी, काकू, ही पावडर तिला सातावर आणून ठेवते." इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. बीपी चढलं तरी हीच गोळी आणि उतरलं तरी हीच, असं कुणी डॉक्टर म्हणाला असता तर मी उठून आले असते. मातीला मात्र मी मान डोलावली. मीटर १,४५० रुपये, चार किलो पावडर २,४०० आणि बाटली ६५०. साडेचार हजार मी मोबाइलवरून दिले, तेही एका माणसाच्या नावावर, दुकानाच्या नव्हे. बिल म्हणून वहीचं पान फाडून दिलं.

पंधरा दिवसांनी एकदा कुंडीला दोन मोठे चमचे पावडर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, आणि पाण्यातून बाटलीतलं थोडं. मी इमानानं केलं. पाणी घातल्यावर मीटर लावायचं असं त्यानं बजावलं होतं, त्याप्रमाणे लावायची आणि दर वेळी साडेसहा यायचं. यांना बोलावून दाखवायची. तीन मात्रा झाल्या. अनंताची कोवळी पानं आता पिवळीसुद्धा राहिली नव्हती, फिकट पांढरट झाली. मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. लिंबावर कधी नव्हे ते शिरांचं जाळं उमटलं. आणि मीटर म्हणतंय, सगळं उत्तम. मी उन्हाला दोष दिला, खताला दिला, एकदा तर कबुतरांना दिला. मीटरवर संशय आला नाही.

उलगडा झाला तो गुढीपाडव्याला. सकाळी गुढीपुढे रांगोळी काढताना चिमटीतून पूड सोडत होते आणि बोटांना एकदम ओळख पटली. हाच स्पर्श, हीच बारीक चकाकी, पंधरा दिवसांमागे कुंड्यांवर सोडताना लागलेली. रांगोळी तशीच अर्धी टाकून स्वयंपाकघरात गेले. दोन बशा घेतल्या, एकीत रांगोळी, दुसरीत उरलेली पावडर, दोन्हींवर लिंबू पिळलं. दोन्ही बशांत बुडबुडे. शिरगोळ्याची पूड म्हणा, चुनखडी म्हणा, जात तीच. माती आंबट असली तर चुनखडी तिचा सामू वर नेते. खाली आणायचं तिच्या रक्तातच नाही. म्हणजे ज्या रोगाची भीती घालून औषध विकलं, तो रोगच मी चमच्याचमच्यानं कुंडीत घालत होते, तेही रांगोळीच्या कितीतरी पट भावानं.

पाडव्याचं श्रीखंड बाजूला राहिलं. बाटली काढली. त्यातलं थोडं स्टीलच्या वाटीत घेऊन मंद आचेवर आटवलं. तळाशी पांढरे खडे उरले, भिंगातून पाहिले तर चौकोनी. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही पदार्थाची चव घेऊ नका, असं बत्तीस वर्षं ओरडून सांगितलं म्हणून जीभ लावली नाही, पण काय असणार ते कळलं होतं. मीठ.

मग मीटर. याला बॅटरी का नाही, हा प्रश्न मला पहिल्या दिवशीच पडायला हवा होता. दांड्या वेगवेगळ्या धातूंच्या असतात, एक तांब्याच्या रंगाची, दुसरी जस्त किंवा ॲल्युमिनियमसारखी. दोन निरनिराळे धातू ओल्या मातीत घातले की किंचित वीज वाहते. व्होल्टानं १८०० साली जगाला हेच दाखवलं आणि मी दरवर्षी वर्गात लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून हेच दाखवत आले. काटा हलतो तो त्या विजेवर. ओल जास्त, मीठ जास्त, तर वीज जास्त. सामूशी त्याचा संबंध नावापुरताच.

मी चार पेले मांडले. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काटा आठावर, जागचा हलला नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकलं, साडेपाचाच्या खाली. मीठ उदासीन असतं हो! व्हिनेगरात आंबटाकडे गेला, तर चुन्याच्या निवळीतही आंबटाकडेच गेला. ज्या निवळीत हळदीचा कागद लालभडक होतो तिला हे यंत्र आम्ल म्हणत होतं. आता रविवारचा खेळ उलगडला. कोरड्या कुंडीत खुपसलं की आठ, कारण वीजच नाही. मिठाचं पाणी ओतून खुपसलं की साडेसहा. कुणाचीही कुंडी, कुठलीही माती, निकाल ठरलेला. आणि पाणी घालूनच मीटर लावा ही सूचना माझ्या समाधानासाठी होती.

माझा एक विद्यार्थी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. "बाई, तुम्ही?" म्हणून तो आधी हसला, मग काम करून दिलं. पावडर घातलेल्या तीन कुंड्या, आणि टाकीमागे राहून गेलेली एक, जिला मी विसरले होते. टाकीमागची ६.८ निघाली. बाकीच्या ७.९, ८.१, ८.१. आकडे जवळ वाटतात, पण सामूचं माप एकेका अंकाला दहापटींनी चढतं. १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सननं कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हे माप काढलं, ही गोष्ट मी मुलांना रंगवून सांगायची. ६.८ म्हणजे त्या कुंडीला काहीच झालं नव्हतं. अनंत तेवढा कुरकुरत होता, तोही त्याच्या नखऱ्यांमुळे आणि बोअरच्या पाण्यातल्या, सामू चढवणाऱ्या बायकार्बोनेटमुळे. चाळीस कुंड्यांना औषधाची गरजच नव्हती.

ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी. मुळांच्या थरातली, तीन-चार इंच खालची माती घ्या, सावलीत वाळवा, चाळा. २० ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधूनमधून ढवळा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. तिथंच ॲसिडही विकतात, तेव्हा कॅनवरचं वाचून घ्या. मग १ ते १४ रंगांची पीएच पट्टी चालते. नुसत्या लाल-निळ्या लिटमसनं आंबट की क्षारी एवढंच कळतं. हळदीचा कागद तर आठाच्या वर गेल्यावरच रंग बदलतो, पाच आणि सात त्याला सारखेच. काचेच्या टोकाचं पेन-मीटर घेतलं तर सोबत बफरच्या, म्हणजे ठरलेल्या सामूचं पाणी करायच्या पुड्या येतात, ४ आणि ६.८६ किंवा ७ च्या. त्यात बुडवून जुळवल्याशिवाय त्याच्या आकड्यालाही अर्थ नाही, आणि ते काचेचं टोक वाळू द्यायचं नाही. शेतकऱ्यांच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू आणि क्षारता (विरघळलेल्या मिठांचं प्रमाण) दोन्ही वेगळ्या लिहिलेल्या असतात, ते उगीच नाही. त्या मुलानं दोन्हींची खिचडी करून मला वाढली.

दुरुस्तीला मात्र पावडर विकण्याइतका सोपा मार्ग नाही. चुनखडी पाण्यानं धुऊन जात नाही. मीठ जातं. म्हणून मी आधी वरचा दीड इंच थर खरवडून टाकला, पुष्कळशी पूड तिथंच बसलेली होती. मग गच्चीचा नळ सोडून प्रत्येक कुंडीतून खालून भरपूर पाणी निघेपर्यंत धुतलं. गंधक घालतात, पण हिशेब बघा. १०० ग्रॅम चुनखडी मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. माझ्या कुंडीत ९० ग्रॅम पडलेली, म्हणजे जवळजवळ २९ ग्रॅम गंधक, तेही जिवाणूंनी त्याचं आम्ल केलं की मग, त्याला आठवडे नाहीतर महिने लागतात. एवढ्याशा कुंडीत तेवढं ओतून परत क्षारच वाढायचे. वहिनी ताक ओतत होत्या, त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि मुंग्या येतात. जिप्समही कुणीतरी सुचवलं; ते चोपण जमिनीतलं सोडियम काढायला, चुनखडीच्या मातीचा सामू उतरवायला त्याचा उपयोग नाही. अनंताची मी माती सगळी बदलली, कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत जास्त, काळी माती नाहीच. पानांवर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (लोहाचं सल्फेट), चिमूटभर सायट्रिक ॲसिडबरोबर, संध्याकाळी फवारलं. मातीतून लोह द्यायचं तर चिलेट (मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) मागताना 'ईडीडीएचए' असं स्पष्ट सांगा. साधं ईडीटीए स्वस्त असतं, पण क्षारी मातीत टिकत नाही. पावसाळ्यात पिंप भरून ठेवलं, अनंताला आता तेच पाणी.

पैशांचं काय झालं विचाराल. फोन बंद. वहीच्या पानावर पत्ता नाही. पुडीवर पानांचं चित्र आणि '१०० टक्के सेंद्रिय', ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना महिना, ना घटक. कायद्यानं बंद पुडीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना आणि किंमत छापावीच लागते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? माझ्याकडे होतं ते एका माणसाचं नाव आणि व्यवहाराचा क्रमांक. यांचं म्हणणं, साडेचार हजारांत बायकोची शिकवणी झाली.

गेल्या आठवड्यात मिरजेहून भाचीचा फोन. त्यांच्या सोसायटीत मोफत माती तपासणी चालली होती, ती टेबलापाशीच उभी होती.

"मावशी, घेऊ का गं? काटा आठावर आलाय."

"तीन दांड्यांचं, हिरवं?"

"हो."

"घरातून वाटीभर मिठाचं पाणी आण आणि त्याला म्हण, यात बुडवून दाखव."

दोन मिनिटं नुसता गलका ऐकू आला. मग ती परत फोनवर आली.

"तो म्हणतोय, मीठ लागलं की यंत्र बिघडतं."