सिलोनी गोमेद म्हणून विकलेली काच

आमच्या वहिनींना राहूच्या महादशेसाठी गोमेद धारण करण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनीच आपल्या ओळखीच्या विक्रेत्याकडून सात रत्तींचा ‘सिलोनी गोमेद’ चांदीच्या अंगठीत बसवून, अभिमंत्रित करून दिला. श्रद्धेचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. पैसे गोमेदाचे घेतले असतील, तर हातात गोमेदच पडला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोमेद हा गार्नेट कुळातील हेसोनाइट होय. लालसर तामडा आणि हिरवा त्साव्होराइट हेही त्याच कुळातले, पण त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे पावतीवर नुसते ‘गार्नेट’ लिहिलेले असले तरी त्यावरून किंमत ठरत नाही. आमच्या पावतीवर तर तेही नव्हते. तिथे फक्त ‘राशीचा खडा, १ नग’ असे लिहिले होते.

वर्ष उलटण्याआधीच खड्याच्या पैलूंच्या कडा बोथट झाल्या आणि वरचा सपाट भाग बारीक ओरखड्यांनी धुरकट दिसू लागला. विक्रेत्याने दोष वहिनींवर ढकलला: साबणाचे पाणी लागल्यामुळे खड्याचे तेज गेले म्हणे! वास्तविक कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश हीच गार्नेट स्वच्छ करण्याची योग्य रीत आहे. त्याला जपायचे असते ते एकदम बसणाऱ्या उष्णतेपासून. म्हणून अंगठीला डाख लावण्यापूर्वी खडा काढून घ्यावा आणि आत चिरा असतील तर वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने तो धुऊ नये. हेसोनाइटची कठीणता मोह्स मापनावर (१ ते १०) साधारण ७ असते; काच त्याहून मऊ असल्याने रोजच्या धुळीतील वाळूच्या कणांनीही तिच्यावर चरे पडतात.

संशय आल्यावर खडा मुंबईतील एका स्वतंत्र प्रयोगशाळेत नेला. भिंगाखाली खऱ्या हेसोनाइटमध्ये तापलेल्या डांबरी रस्त्यावरील हवेसारखी लहरती हालचाल भासते. आमच्या खड्यात होते ते गोल बुडबुडे. हेसोनाइटचा अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो, ते सांगणारा आकडा) १.७४ च्या आसपास असतो, याचा त्याहून बराच कमी भरला. अहवालात ‘काच’ असे स्वच्छ लिहून आले. वजनही सुमारे ६.४ कॅरेटच होते, कारण रत्नबाजारातील रत्ती ०.९१ कॅरेटची धरतात. विक्रेत्याने मात्र भाव कॅरेटचा सांगून त्याला सातने गुणले होते.

सोबत दिलेले ‘प्रमाणपत्र’ विक्रेत्याने स्वतःच छापलेले निघाले, आणि ‘अभिमंत्रित खडा परत घेतला जात नाही’ ही ओळ त्याच्या तळाशी होती. ही अट मला सगळ्यांत धूर्त वाटते, कारण परत करायला गेलेल्या माणसालाच ती अश्रद्ध ठरवते. म्हणून खडा अंगठीत बसवण्यापूर्वी, सुटा असतानाच, आपण निवडलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि पावतीवर ‘नैसर्गिक हेसोनाइट’, कॅरेटमधील वजन आणि तपासणीत खोटा निघाल्यास पैसे परत, हे तिन्ही लिहून घ्यावे. आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करत आहोत. त्यासाठी २ वर्षांची मुदत असते, परंतु ‘राशीचा खडा’ म्हणजे गोमेदच, हे आता आम्हाला सिद्ध करावे लागणार आहे.