सारंगखेड्याचा घोडेबाजार, माझ्याकडून ४/५

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरतो, यंदा गेलो. मारवाडी नि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकं एकमेकांना टेकतात ते अगदी हाताच्या अंतरावरून बघितलं, भारीच! नुकरा (पांढराशुभ्र), अबलख (ठिपक्या-पट्ट्यांचा दुरंगी), पंचकल्याण (चारही पाय नि तोंडावर पांढरा) सगळं दिसतं, आणि रेवाल चाल (स्वाराला हिसके न देणारी झपझप चाल) बघायची असेल तर सकाळीच जा, दुपारी नुसती धूळ आणि सेल्फीवाले. गिऱ्हाईक आधी दात बघून वय काढतं, मग अंगावरचे केसांचे भोवरे, एखादा अशुभ निघाला की भाव धाडकन खाली (मला हे पटत नाही पण चालतं तसंच). आपली भीमथडी (दख्खनची घोड्याची जात) मात्र कुठे दिसली नाही राव. पार्किंग बेकार, आम्ही राहिलो तो तंबू महाग आणि बाथरूमला पाणी नाही. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नि ठेचा मात्र एक नंबर, तो चुकवू नका.