एसी सर्व्हिसिंगला किती मोजावेत? कंपनीचा एएमसी, ॲप आणि आपला मेकॅनिक

नाशिकमध्ये एसीचा हंगाम फार तर तीन महिन्यांचा. मार्चच्या अखेरीला दुपार तापायला लागते आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावला की रिमोट कपाटात जातो. सर्व्हिसिंगवर किती खर्च करायचा हे ठरवताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी असं मला वाटतं. बऱ्याच योजना मुंबई-ठाण्याच्या घरांच्या हिशोबाने आखलेल्या दिसतात, जिथे एसी जवळपास बारमाही चालतो.

मी तिन्ही वाटांनी काम करून घेतलं आहे, म्हणून आधी दर सांगतो. दीड टनाचा एक स्प्लिट एसी जेट पंप लावून धुवायला ओळखीचा मेकॅनिक ४०० ते ५०० रुपये घेतो. ॲपवर तेच काम ५०० ते ७०० ला पडतं. कंपनीचा एएमसी, म्हणजे वर्षभराचा देखभाल करार, फक्त सर्व्हिसचा असेल तर वर्षाला दोन-अडीच हजारांच्या आसपास. पार्ट आणि गॅस धरून असलेला चार ते सहा हजार. हे आकडे मला आणि आमच्या सोसायटीत पडलेले आहेत. नाशिकरोडला किंवा पाथर्डी फाट्याला शंभर रुपये इकडे-तिकडे होतील.

एएमसी वाईट नाही. एसी पाच-सहा वर्षांचा झाला असेल, इन्व्हर्टर असेल आणि तुमच्या भागात विजेचा दाब वरखाली होत असेल, तर पार्टसहचा करार एखादा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेला तरी वसूल होतो. त्यात प्लॅस्टिकचे भाग बहुतेक वेळा धरलेले नसतात, तेवढं सही करण्याआधी वाचावं. पण फक्त सर्व्हिसच्या एएमसीत वर्षाला तीन-चार फेऱ्या देतात, आणि आपल्याकडे त्यातली एखादी ऐन दिवाळीत येते, जेव्हा एसीकडे कुणाचं लक्षही नसतं. उलट एप्रिलमध्ये तक्रार नोंदवली की शहरभरातून फोन आलेले असतात आणि आपला नंबर लागता लागत नाही. घरात तीन-चार एसी असतील आणि कुणाच्या मागे लागायला वेळ नसेल, तर गोष्ट वेगळी.

ॲपची सेवा मला खरंच आवडली होती. वेळ ठरवली की मुलगा वेळेवर येतो, इनडोअरखाली पिशवी बांधतो, भिंतीवर पाण्याचा ओघळ येऊ देत नाही, बिल मोबाइलवर येतं. कामावर काही दिवसांची हमी असते. नव्याने शहरात आलेल्या माणसाला, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मी आजही आधी तेच सुचवेन.

माझं मन फिरलं ते एका वाक्यामुळे. ‘सर, गॅस कमी आहे.’ ५९९ ची सर्व्हिस बुक करायची आणि दारात उभं राहून २,८०० ते ३,५०० च्या गॅसचा निर्णय घ्यायचा, हे जवळजवळ दर उन्हाळ्याला व्हायला लागलं. मुलगा दरवेळी नवा, त्यामुळे मागच्या वर्षी काय झालं होतं हे त्याला ठाऊक नाही आणि पुढच्या वर्षी विचारायला तो सापडणार नाही.

गॅसबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी: तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटपाशी किंवा कॉइलला बारीक छिद्र पडून. ती न शोधता गॅस भरला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नीट काम म्हणजे नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणं, ती बंद करणं, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढणं आणि मग आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेत तेवढे ग्रॅम गॅस वजन करून भरणं. वजनकाटा नसलेला माणूस अंदाजानेच भरतो.

यापेक्षाही मला खटकली ती कामाची उलटी पद्धत. आल्या आल्या गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचा काटा, लावायचा, दाब कमी दाखवायचा आणि मग धुवायला घ्यायचं. फिल्टर आणि कूलिंग कॉइल धुळीने बुजलेली असताना दाब कमीच दिसतो, कारण कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो. तो पूर्ण वेगाने चालत नसेल तर त्या आकड्याला अर्थच नाही. शिवाय जुन्या आर-२२ गॅसच्या एसीत साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचं एकक) दिसतो, आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे कोणता गॅस आहे हे न सांगता नुसता काटा दाखवणाऱ्याने आपल्याला काहीच दाखवलेलं नसतं. विनाकारण गेज लावायलाही माझा विरोध आहे, कारण दरवेळी नळी लावता-काढताना थोडा गॅस जातोच.

मी तेव्हा गॅस नको म्हटलं, फक्त धुऊन घेतलं. खोली पूर्वीसारखी गार व्हायला लागली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिडकोतला एक मेकॅनिक शेजाऱ्यांनी सुचवला. गॅसचं विचारल्यावर तो म्हणाला, ‘काका, आधी धुऊन घेऊ, अर्धा तास चालवू, मग बघू.’ त्याने पुढचं पॅनेल काढलं, ड्रेनचा ट्रे उतरवला आणि आतला ब्लोअर, म्हणजे तो लांब दंडगोल पंखा, बाहेर काढून बाथरूममध्ये नेला. त्याच्या पात्यांच्या मधे काळा, चिकट थर होता, बोटाला लागेल असा. तो ब्रश मारल्याशिवाय निघत नाही. वरून फोम मारून समोरून पाणी सोडलं तर पुढचं दिसणारं तेवढंच साफ होतं. एसी लावल्यावर पहिली पाच मिनिटं जो कुबट वास येतो तो बहुतेक या थराचा आणि ट्रेमधल्या बुळबुळीत गाळाचा. ड्रेनच्या पाइपमध्ये त्याने उलट बाजूने पाणी मारलं आणि तो गाळ भसकन बाहेर आला. नंतर आउटडोअर. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिथे तिथे रस्ते उकरलेत. रस्त्याकडेच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असाल तर आउटडोअरच्या जाळीत माती बसलेली असणार. ती न धुणारी सर्व्हिस मी तरी अर्धीच धरतो.

ब्लोअर काढायचे तो शंभर-दोनशे जास्त घेतो, म्हणजे एका एसीचे साधारण ६००-७००. ॲपच्या दरापेक्षा स्वस्त पडला असं नाही. पक्कं बिल मिळत नाही, आणि एप्रिलमध्ये ‘येतो, येतो’ म्हणत चार दिवस काढतो हेही खरं. पण मागच्या वर्षी या मशिनला काय केलं होतं हे त्याला आठवतं, आणि गळती नसताना गॅस विकला तर पुढच्या वर्षी याच दारात यायचंय हेही त्याला माहीत असतं. सगळेच ओळखीचे मेकॅनिक असे असतील असा माझा दावा नाही. गेज आधी लावणारा ओळखीतला निघाला तरी मी त्याला नकोच म्हणेन.

गंगापूर रोडच्या काही बंगल्यांत छतातून डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारे बंद मार्ग, फिरवलेला एसी असतो, त्यांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत बऱ्याच घरांत डक्ट असतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, एका यंत्रणेच्या सफाईचा खर्च साधारण ४५० ते १,००० डॉलर सांगितला आहे. पण डक्ट नेमाने साफ करायची गरज नाही, हेही तीच संस्था सांगते. आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील, किंवा धूळ साचून ती जाळीतून खोलीत येत असेल, तरच करावी. आपल्याकडे तोच नियम लावावा. जागेवर येऊन, जाळी उघडून आत न बघता फोनवरच आकडा सांगणाऱ्याला हे काम देऊ नये. कॉइल, ट्रे आणि फिल्टर धुण्याचा खर्च मात्र डक्टवाल्यांनाही दरवर्षी धरावा लागेल.

पहिल्या वर्षी एसी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या फुकट सर्व्हिस आधी वापरून घ्या, कार्डावर त्या किती आहेत ते लिहिलेलं असतं. नंतर वर्षातून एक धुणं, तेही रंगपंचमीच्या आधी. रहाडी, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या की ऊन वाढतं आणि मेकॅनिकचा फोन लागेनासा होतो. पावसाळ्यात एसी बंद करण्याआधी तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवून आत सुकू द्यावा, याला पैसे पडत नाहीत. एका एसीमागे ७०० रुपये बाजूला ठेवा. फोनवर ठरवताना तीन गोष्टी विचारा: ब्लोअर काढून धुणार का, आउटडोअर धरलंय का, आणि गॅस भरायची वेळ आली तर वजनकाटा आणणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर मी दुसरा नंबर फिरवतो.